दह्यातून गेलेला सूर्य

सांगलीहून निघालेली गाडी सकाळी मला कळंबोलीच्या पुलाखाली उतरवून पुढे गेली. हातात दह्याचा डबा. माझी भाची रेवा त्या दिवशी बेलापूरच्या एका संस्थेत मुलाखतीला जाणार होती, आणि महत्त्वाच्या कामाला निघताना तिच्या हातावर दही-साखर मीच घालते, अगदी दहावीपासून. नवी मुंबईत दही मिळत नाही का, असं दाजींनी फोनवर विचारलं होतं. मिळतं हो, पण पिशवीतलं. त्याला काय चव असते?

ताई-दाजी, म्हणजे रेवाचे आईवडील, कामोठ्यात राहतात. रिक्षावाला त्याच गावातला. "मावशी, सीट भिजली हाय. कसला पानी हाय?" म्हणाला. दह्याचं म्हटल्यावर त्याने एवढंच विचारलं, की परीक्षा कुणाची. मग प्रत्येक खड्ड्याला रिक्षा हळू केली.

दुपारी शेजारच्या पाटीलकाकूंनी निवट्यांचं (खाडीच्या चिखलातले मासे) कालवण पाठवलं. आजच्या दिवशी मासे नकोत, असं ताई म्हणाली. मी दोन वाट्या घेतल्या.

जेवताना रेवाने तिचं काम समजावलं. मिऱ्याहून लहान पोकळ गोळीत हायड्रोजनच्या जातीचं इंधन भरायचं आणि चहूबाजूंनी लेझरचा मारा करून ती इतकी दाबायची, की आत सूर्यासारखी ऊर्जा पेटते. अमेरिकेत काही वर्षांपूर्वी लेझरने जेवढी ऊर्जा टाकली, त्याहून जास्त बाहेर आली म्हणे. मग झालं की, म्हटलं. झालं नाही, म्हणाली. लेझर चालवायला लागणारी वीज अजून कितीतरी जास्त आहे. शिवाय गोळी जराशी खडबडीत असली तरी दाब बिघडतो. ती गुळगुळीत करणं हेच रेवाचं काम. आठ महिने घासलेली एक रिकामी गोळी ती मुलाखतीत दाखवणार होती. सगळी मदार त्या गोळीवर.

निघताना तिने ती तळहातावर काढून माझ्यापुढे धरली. चष्म्याशिवाय मला गोळी कुठली दिसायला? दिसला तो पुढे केलेला हात. मी त्यावर चमचाभर दही घातलं, आणि तिने सवयीने चाटून टाकलं.

"मावशी," ती म्हणाली, "गिळली मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजींनी धावत जाऊन केळं आणलं. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

बेलापूरला मी बाहेर बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं. नमुना मागितल्यावर रेवाने सगळं खरं सांगितलं, दह्यासकट, माझ्यासकट. आत कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. एक मॅडम मात्र कोरड्या आवाजात म्हणाल्या, मग तुम्हाला पारखायचं कशावरून?

"मॅडम, वीजघर चालवायचं तर सेकंदाला दहा-दहा गोळ्या लागतील," रेवा म्हणाली. "एक गेली म्हणून मी रडत बसले, तर मला घेऊच नका. घासायचं कसं ते हातात आहे. उद्या दुसरी सुरू करते."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

दोन दिवसांनी, परतीच्या गाडीत, घाट चढताना फोन आला. निवड झाली होती. मी एवढ्या मोठ्याने रडले, की शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. तो सूर्य इथे कधी पेटेल, ते रेवालाही सांगता येत नाही. पण आठ महिन्यांची मेहनत मी एका चमच्यात संपवली, आणि पोरगी अडली नाही. असल्या पोरी असतील तर पेटेल, असं मला वाटतं.

"रुजू व्हायच्या दिवशी दही घेऊन ये," ती फोनवर म्हणाली. "फक्त या वेळी चमच्याने भरव."