स्टाफ कारचे स्टिअरिंग

माझी बदली चेन्नईला झाली ती २००५ च्या सुरुवातीला. हुद्दा नायब सुभेदार, काम युनिटच्या वर्कशॉपमधल्या गाड्यांची दुरुस्ती. त्यांत एक गाडी वेगळी होती : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली काळी स्टाफ कार. वर्षातून एकदाच, रेझिंग डेच्या म्हणजे युनिटच्या स्थापनादिनाच्या परेडला, ती बाहेर निघे. मागच्या सीटवर युनिटच्या एखाद्या शहीद जवानाची आई किंवा पत्नी बसे. गाडी बँडच्या मागोमाग युद्धस्मारकापर्यंत जाई.

ड्रायव्हर होता नाईक तुळजाराम राव. घराणे तंजावरचे, मराठी. आई आणि पत्नी अण्णा नगरला राहत. त्याची मराठी जुन्या वळणाची होती. 'मला' न म्हणता तो 'मज' म्हणे, 'सर'ला 'सार' म्हणे. साताऱ्याकडचे जवान त्याला 'राजे' म्हणत. तो हसून सोडून देई. त्या वर्षी त्याचे नाव हवालदारपदासाठी गेले होते.

परेडच्या तीन दिवस आधी रंगीत तालीम झाली. स्मारकापाशी वळण आहे. तिथे गाडी वळलीच नाही. सरळ बँडच्या शेवटच्या रांगेवर गेली. ढोलवाल्यांनी बाजूला उड्या मारल्या. तुळजारामने ब्रेक दाबला आणि गाडी कठड्याला टेकून थांबली.

मी वायरलेसवर कळवले, "कंट्रोल, गाडी थांबली. बँड सुखरूप. ओव्हर."

"ड्रायव्हरला गाडीपासून दूर ठेवा. ओव्हर."

संशय तिथून सुरू झाला. आठवड्यापूर्वी तुळजारामने रजा मागितली होती. अड्यारला बहिणीचा साखरपुडा होता. परेडमुळे युनिटच्या मेजरसाहेबांनी रजा नाकारली. आता पहाऱ्यावरच्या संत्रीने सांगितले, की रविवारी वर्कशॉप बंद असताना तो एकटाच गाडीखाली शिरला होता.

मेजरसाहेब म्हणाले, "हे मुद्दाम केलेलं काम आहे. उद्या मला रिपोर्ट हवा. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवतो."

इन्क्वायरीत ठपका आला असता तर रेकॉर्डवर रेड इंक एंट्री, म्हणजे शिक्षेची लाल शाईतली नोंद, झाली असती. बढती गेली असती आणि तुळजाराम नाईक म्हणूनच पेन्शनला गेला असता. मी त्याला बोलावले.

"रविवारी गाडीखाली काय करत होतास?"

"ग्रीस मारत होतो, सार. स्टिअरिंग जड लागत होतं."

"रिपोर्ट का नाही केलास?"

"केला असता तर गाडी दुसऱ्यास दिली असती. मज ही परेड सोडायची नव्हती."

उत्तर खरे असू शकत होते. आधीच जुळवून ठेवलेलेही असू शकत होते. शेडवर पहारा बसला. गाडीजवळून जाताना जो तो हात खिशाबाहेर ठेवू लागला. मलाही एकट्याने गाडीला हात लावायची मुभा नव्हती. साक्षीला हवालदार जगताप दिला होता. तो युनिटमधल्या रंगकामाचा प्रमुख. तालमीनंतर सर्वांत मोठ्याने बोलला होता तोच : "राजांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून रथ अडवला!"

सकाळी तपासणी सुरू केली. टायरमधली हवा बरोबर होती. पुढची चाके जॅकवर उचलली, तरी स्टिअरिंग जडच. मग चाकांकडे जाणारा दांडा स्टिअरिंग बॉक्सपासून सोडवला. आता स्टिअरिंग एका बोटाने फिरले. म्हणजे बॉक्समध्ये दोष नव्हता. उजवे चाक मात्र दोघांनी जोर लावूनही जेमतेम हलले. चाक ज्या उभ्या किंगपिनवर वळते, ती पिन जाम झाली होती.

"ग्रीस तर दिसतंय," जगताप म्हणाला. ग्रीस आत भरायच्या निपलभोवती ताजे ग्रीस होते. "आत रेती घातली असेल."

मी ग्रीस गन निपलला लावून दाबली. जगताप खाली वाकला. थोड्या वेळाने म्हणाला, "साहेब, आत जात नाहीये. सगळं बाजूनं बाहेर येतंय."

निपल पुसून चाकूने खरवडले. काळ्या रंगाचे पापुद्रे निघाले, एकाखाली एक. दरवर्षी इन्स्पेक्शनच्या आधी गाडी खालूनही रंगवली जाई. रंगाने निपलचे तोंड बुजले होते. तुळजारामने मारलेले ग्रीस बाहेरच राहिले होते.

जगताप पापुद्रे हातात घेऊन बसला. तो उठला आणि ते घेऊन मेजरसाहेबांच्या ऑफिसात गेला. मी मागे गेलो.

"साहेब, रंग माझ्या पार्टीनं मारला."

मेजरसाहेबांनी पापुद्रे टेबलावर पसरून पाहिले. "खालूनही चकाचक करा, असं मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. मग, "इन्क्वायरी नाही. गाडी तयार करा."

आम्ही किंगपिन काढली, गंज घासला, निपल बदलले. तुळजाराम शेडच्या दारात उभा होता.

"राजे, रागावलात?" जगतापने विचारले.

"चाक वळतं का, ते सांगा."

चाक वळत होते. परेड त्यानेच केली.

पुढच्या वर्षी तो हवालदार झाला. त्यानंतर त्याची बदली उत्तरेत झाली. तिथे कॉन्व्हॉयच्या पहिल्या गाडीत हवालदार बसतो. रस्त्यात सुरुंग होता, तुळजारामची गाडी त्यावर गेली. मागच्या सगळ्या गाड्या वाचल्या.

पेन्शनवर आल्यावर मी आणि जगताप अण्णा नगरला त्याच्या आईला भेटलो. तिने आम्हाला कॉफी दिली. म्हणाली, "तो सांगत असे, तुम्ही दोघांनी त्याचा हुद्दा राखला."

जगतापने पेला खाली ठेवला.

"त्याचाच होता तो, आई," तो म्हणाला.