झाकलेलं नाव

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखन त्याहून वाईट. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

"कोणत्या ओळीत?" असं विचारून बाई पेन्सिल कानामागं खोचायच्या. पोरांना कागदात ओळ सापडेपर्यंत त्या गप्प. चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली मीसुद्धा घाबरायचे.

तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल. कॉलेजात तासावर शिकवायच्या, पगारही तासाचाच. तरी शनिवारी एम.ए.च्या पोरांना फुकट गोल बसवून लेख वाचायला लावायच्या. लेखकाच्या नावावर घरूनच पांढरी पट्टी चिकटवून आणायच्या, मग मी झेरॉक्स काढून आणायचे. "नाव दिसलं की पोरं आधीच मान डोलावतात," म्हणायच्या. नाव चर्चा संपल्यावर कळायचं. एकदा एका पोरानं ज्या लेखाला कचरा म्हटलं तो बाईंचाच निघाला. इतक्या हसल्या की चहा साडीवर सांडला.

एका शनिवारी लेख आमच्याच वस्तीवरचा होता, छावणीच्या पलीकडच्या. एक मुलगी मोठ्यानं वाचत होती. येथील स्त्रियांना साक्षरता वर्गात रस नाही, असं त्यात होतं. माझ्या तोंडून "नाय" निघून गेलं.

बाईंनी ऐकलं. "मावशी, बसा."

"नको बाई, कप धुवायचेत."

"कप पळून जात नाहीत. काय नाय, ते सांगा."

खुर्चीच्या कडेवर टेकले. "वर्ग चारला असायचा. नळ बी चारलाच येतो, आठ-आठ दिवसांनी. कोणत्या दिवशी येईल नेम नाय, म्हणून रोज घरी थांबावं लागतं. अन् लेखासाठी माहिती विचारायला आले ते सकाळी अकराला. तवा बाया कामावर. पानटपरीवरच्या गड्यांना विचारून गेले."

"हे तर लेखात कुठंच नाही," एक पोरगा म्हणाला. सगळी भराभर लिहायला लागली. मी बोललेलं कुणी लिहून घेतं, हे बघूनच मला घाम फुटला.

मग बाईंनी नाव सांगितलं. लेख आमच्या विभागप्रमुख सरांचा होता. माझं कंत्राट अकरा महिन्यांचं, जूनमध्ये सरांच्याच सहीनं पुढं सरकणारं.

नंतर मोरीपाशी कप धुताना मी विचारलं, "बाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"लेख कुणाचा ते ठाऊक होतं. तुम्ही बोलाल हे नव्हतं." त्यांनी हातातला कप दुसऱ्यांदा विसळला.

सोमवारी सरांनी दोघींना बोलावलं. "काय मावशी, आता तुम्ही आम्हाला शिकवणार म्हणे?"

बाई म्हणाल्या, "सर, त्या उठून चालल्या होत्या. मी बसवलं. जे काही आहे ते माझ्यावर घ्या."

आणि मी, माझं खरं असून, खाली फरशीकडं बघत राहिले.

पुढचे दोन महिने सरांची घंटी वाजली की मी शिपायाला पुढं करायचे. शनिवारी बाई विचारायच्या, "आज बसता का?" मी नको म्हणायचे. तरी त्या एक खुर्ची मोकळी ठेवायच्या.

जूनमध्ये बोर्डावर याद्या लागल्या. कंत्राटी कामगारांत माझं नाव होतं. तासावरच्या शिक्षकांत बाईंचं नव्हतं. बोट ठेवून तीनदा वाचलं.

"पेढे तो बनते, मावशी!" मागून शिपाई ओरडला.

मी पेढे आणले. सगळ्या विभागात वाटले. सरांनी दोन घेतले.