बोललो उजवी, पोतं डावीकडे

माझ्या गाडीच्या डिकीचा उंबरठा जमिनीपासून फार वर आहे. या राष्ट्रीय प्रश्नाकडे आजवर एकाही आयोगाचं लक्ष गेलेलं नाही. दर रविवारी मार्केट यार्डातून सोसायटीतल्या चार घरांसाठी बटाट्याचं पोतं आणायचं काम माझ्याकडे आहे, आणि ते छातीपर्यंत उचलताना मी ही गाडी आखणाऱ्याची दर आठवड्याला न चुकता आठवण काढतो.

म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या गजभियेंनी ही गाडी बनवणाऱ्या कंपनीचं आमंत्रण आणलं, तेव्हा लगेच हो म्हणालो. गजभिये मूळ नागपूरचे. चोवीस वर्षं याच कंपनीत ते गाड्यांचे पूर्ण आकाराचे मातीचे नमुने घडवतात. या कंपनीची गाडी लोक प्रेशर कुकर घ्यावा तशी गॅरंटी बघून घेतात. दिसण्याबद्दल दोन्हीकडून मौन. गेल्या वर्षी मात्र कंपनीने परदेशात महागड्या गाड्या केलेले डिझायनर मोठ्या पगारावर आणले. आता जुन्या गिऱ्हाइकांना नवा नमुना दाखवणार होते. अट एकच: नेहमी गाडीत घालता ते सामान घेऊन या.

सकाळी सहाला गजभियेंना घेऊन कोथरूडहून निघालो. यार्डात पोतं घेतलं, बाहेर पोहे आणि चहा झाला (दोघांचे नव्वद रुपये, लिंबू मागून घ्यावं लागतं), आणि नाशिक रस्त्याने चाकणकडे. जाणार असाल तर भोसरी लवकर ओलांडा. नंतर तिथे गाडी चालवत नाहीत, ठेवतात.

मोशीपाशी गजभियेंनी विषय काढला. पुढचे नमुने संगणकाच्या पडद्यावरच करायचं वरच्यांच्या मनात आहे. आज मातीचा काही उपयोग दिसला नाही, तर गजभियेंचं खातं बंद आणि त्यांची बदली स्टोअरमध्ये, नटबोल्टांवर.

मोठ्या हॉलमध्ये तपकिरी मातीची अख्खी गाडी उभी होती. तिच्या मधोमध एक रेघ: उजवा अर्धा एका कल्पनेचा, डावा दुसरीचा. तिथे तशीच पद्धत आहे, आणि कुठला कोणाचा हे सांगत नाहीत. शेजारी सामान ठेवून बघायला प्लायवूडच्या दोन डिक्या, तशाच उजवी-डावी.

मुख्य डिझायनर इरा, पस्तिशीची, पांढरे बूट, बोलणं कमी. पेठेतल्या एका काकांनी नमुन्याला दोन फेऱ्या मारल्या. "एवढे पगार देऊन माणसं आणली, आणि केलं काय? रेघा कमी केल्या."

"हो," इरा म्हणाली. "त्यालाच वेळ लागला."

उजवी बाजू इतकी सुबक होती की तिच्याशेजारी उभं राहिल्यावर माझंही पोट आत गेलं. मी निकाल दिला, "उजवी. डावी म्हणजे आमचा जुना डबाच." सगळे हसले. गजभिये फरशीकडे बघत होते.

मग सामान. मी पोतं ठेवलं, हात झटकले. इराने वहीतून मान वर केली.

"बोललात उजवी. ठेवलंत डावीकडे."

खरंच की. डावीकडचा उंबरठा चांगला वीतभर खाली होता. काकांची पेटी, कोणाचा गॅस सिलिंडर, सगळं डावीकडेच गेलं होतं, आणि उजवीची स्तुती सगळ्यांनीच केली होती.

इरा उजव्या अर्ध्याकडे बघत राहिली. तो तिचा होता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मग तिने वळून विचारलं, "गजभिये सर, तुमच्या उंबरठ्यावर माझा आकार बसवायला किती दिवस?"

"आठ."

"मातीतच करू. पडद्यावर पोतं उचलावं लागत नाही. वर मी सांगते."

परतीच्या वाटेवर मिसळ खाताना गजभिये मोकळे झाले. म्हणाले, "दहा वर्षं मी हेच सांगून राहिलो होतो. आता सांगणाऱ्याचा पगार मोठा आहे, तर वरचे ऐकतील." कडवटपणा मिसळीपुरताच.

घरी आल्यावर वाटलं, मोठे डिझायनर आणून कंपनीने विकत घेतलं ते हेच: जिचं वरचे ऐकतात, आणि जिला स्वतःची रेघ पुसता येते अशी व्यक्ती. बाकी घडवणारे हात कंपनीकडे आधीपासूनच होते.

चार वाजता तिसऱ्या मजल्यावर गेलो. "ते डबा म्हणालो ना मी, ते मागे घेतो."

गजभियेंनी दार पूर्ण उघडलं. "बसा. खरं सांगू? उजवी मलाही आवडली होती."