तोंड मुदखेडचं, आवाज पुण्याचा

पडद्यावर तोंड माझं होतं. आवाज माझा नव्हता.

लातूरच्या एका कॉलेजचा एसी हॉल. पोरापोरींनी स्वतः बनवलेल्या वेबसिरीजची स्पर्धा. आमच्या 'अप-डाऊन'चा पहिला एपिसोड लागला. पडद्यावर मी दारात उभी, पाठीला सॅक, आईशी भांडायच्या पवित्र्यात. मी तोंड उघडलं आणि आतून कुणी भलतीच बोलली, "आई, मला समजून घे ना गं. मला खूप खूप शिकायचंय."

गोड. एवढी गोड, की पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना बसल्या जागी शुगर झाली असेल.

शूटिंगला मी काय बोलले होते? "उद्या बी जाणार हाय मी. डबा देयाचा असंल तर दे, न्हाई तर उपाशी जाते. पर जाते."

माय माझ्या शेजारी बसली होती. गुलाबाची फुलं तोडायचा रोज बुडवून मुदखेडहून पहिल्यांदाच माझं काम बघायला आलेली. तिनं मला कोपर मारलं.

"कोण बोलायलीय गं ही तुझ्या तोंडातून?"

"म्हाईत न्हाई."

"झपाटल्यावानी दिसायलीस."

मागची पोरं फिदीफिदी हसली. मायच्या बोलण्याला हसली. माझ्या आवाजाला कशाला हसतील? तो तर गोरापान झाला होता.

आता माझा खरा आवाज कसा आहे ते सांगते. शिवारात मी मायला जेवायला हाक मारली की चार शेतांपलीकडची माणसं कामं टाकून आपापले डबे सोडायची. एकदा फाटकाजवळ ओरडले, तर नांदेडकडं निघालेली पॅसेंजर उभी राहिली. गार्ड खाली उतरून विचारत फिरला, लाल झेंडी कुणी दाखवली म्हणून. खोटं वाटत असेल तर गार्डाला विचारा. सध्या तो घरीच असतो. कानानं अधू आहे.

हा आवाज त्यांनी पुसला. आणि पुसायला आम्हीच नेऊन दिला.

'अप-डाऊन' म्हणजे गावाकडून रोज नांदेडला कॉलेजला ये-जा करणाऱ्या पोरींची गोष्ट. मी लिहिलेली. पोरगी मी. आई झाली वर्गातली सविता, केसांना पावडर फासून. वर्गातलाच इरफान मोबाईलवर शूट करायचा. ट्रायपॉड नव्हता, तर विटांवर उलटी घागर आणि घागरीला बांधलेला मोबाईल. तसं काढलेलं चित्र इतकं स्थिर यायचं, की गावातल्या लग्नाचे फोटोवाले घागर मागायला यायला लागले.

तेवढ्यात भैय्या भेटला. आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष त्याचे चुलते, म्हणून तो भैय्या. वय आमच्याएवढंच, पण त्याला 'तुम्ही' म्हणायचं. तो आम्हाला 'तू'. त्याच्याकडं कॅमेरा, ड्रोन, आणि आमच्या गावच्या विजेच्या डीपीपेक्षा जास्त टिकणारा लॅपटॉप.

त्यानं नाव विचारलं. मी सांगितलं.

"पूर्ण नाव?"

पूर्ण सांगितलं. आडनावापाशी तो जरासा थांबला. मग हसला. "छान. एकदम रिअल वाटेल."

मला तेव्हा वाटलं, कौतुक केलं.

म्हणाला, "मागं मोटार वाजतीय, बकरी ओरडतीय. साउंड मी क्लीन करून देतो." आम्ही सगळ्या फायली दिल्या. दिल्या आणि मोबाईलमधून उडवल्या. इरफानच्या मोबाईलात पुढच्या एपिसोडला जागाच नव्हती. जागा नसलेल्या माणसांची हीच गत. एक ठेवायचं तर दुसरं पुसावं लागतं.

हॉलमध्ये मी उठले. भैय्या पहिल्या रांगेत पाहुण्यांशेजारी बसला होता. त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "हे काय केलंत?"

त्यानं मान वळवली नाही. "चेहरा तुझाच ठेवलाय ना? चेहरा चालतो. भाषा नाही चालत. पुण्याच्या माझ्या बहिणीनं डबिंग केलंय, फुकटात. थँक्यू म्हण."

थँक्यू म्हण.

शाळेत पाहुणे यायचे तेव्हा गुरुजी मला मागं बसवायचे. धडा वाचायला दुसरी पोरगी. स्वागताला दुसरी. फोटो काढायच्या वेळी मात्र हाक यायची, "ये गं, तू पण ये." ते सगळं एकदम डोक्यात चढलं. ह्यांना आमचं तोंड हवं असतं. गरिबी दाखवायला तोंड लागतंच. फक्त ते बोलायला नको.

इरफान लॅपटॉपच्या टेबलाजवळ उभा होता. मी तिथूनच ओरडले, "इरफान, वायर काढ!"

"कौनसी?"

"बोलायलीय ती!"

त्यानं स्पीकरची वायर ओढली. चित्र चालू, हॉल मुका. मी पडद्याखाली जाऊन उभी राहिले. वर माझं तोंड हललं, तसं खाली बोलले. "उद्या बी जाणार हाय मी. डबा देयाचा असंल तर दे, न्हाई तर उपाशी जाते. पर जाते."

काचा हादरल्या. एसी बंद पडला. कॉलेजवाल्यांचं म्हणणं, लाईट गेली होती. लाईट गेली तर पडदा कसा चालू राहिला, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

पडद्यावर आता सविताचं तोंड उघडलं. आणि सविता हॉलमध्ये नव्हती. तिच्या भावानं तिला लातूरला सोडलंच नव्हतं. तिचे ओठ हलत होते. आवाज नाही. सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. दोघींचं एकटीनं कसं बोलू?

तेवढ्यात मागच्या रांगांतून आलं, "जा की! जा! शिकून कलेक्टरीन हो, आन् मी हितं मरते काटे उपसत!"

माय. खुर्चीवरून उठलेली, पदर खोचलेला.

तिनं काही पाठ केलं नव्हतं. पाठ करायची गरजच नव्हती. ते भांडण आमच्या घरातलंच होतं. तिचं बोलणं मी जसंच्या तसं उचलून सविताला दिलं होतं, तिला न सांगता. तिनं ते ओळखलं आणि परत घेतलं. वर सविताचं तोंड मिटलं, तरी माय थांबेना. "आन् वापस येताना माझं औषध आण! तुझ्या इंग्रजीनं माझा गुडघा वाकत न्हाई!"

हे गोष्टीत नव्हतं. मी तरी उत्तर दिलं. आम्ही दोघी बोलत राहिलो. पडद्यावर पुढचा सीन लागून गेला, तरी बोलत राहिलो.

कुणी शिट्ट्या मारल्या. कुणी "बसा खाली" म्हणालं. परीक्षकांनी शिस्तभंग म्हणून आम्हाला स्पर्धेतून काढलं.

बाहेर पोर्चमध्ये भैय्या आडवा आला. "दाखवलीच ना लायकी? तुमच्या ओरिजिनल फायली मी केव्हाच डिलीट केल्यात. आता बनवा."

तो गाडीत बसून गेला. मायनं विचारलं, "काय म्हणला त्यो?"

"बनवा म्हणला."

"मग बनवा की."

थोड्या दिवसांनी त्याचाच फोन. हॉलमधल्या कुणीतरी आमचा दोघींचा व्हिडिओ काढला होता आणि तो धर्माबादपासून उदगीरपर्यंत मोबाईलामोबाईलात फिरत होता. आता भैय्याच्या आवाजात साखर. "अगं, लोकांना आवडतंय. तुझ्याच आवाजात करू, माझा कॅमेरा घेऊ. फक्त अजून जरा गावठी बोल. दोन-चार शिव्या टाक. आणि आईला घे. त्या लई कॉमेडी हायत." ते 'लई' तो मुद्दाम लांबवून, चिडवत म्हणाला, मागच्या रांगेतली पोरं हसली होती तसं.

आधी माझं बोलणं जास्त गावठी होत होतं. आता कमी पडायलं होतं.

मी म्हणाले, "भैय्या, माय कॉमेडी न्हाई. माय बोलते."

"बरं बाई. मग निदान खाली शुद्ध मराठीत सबटायटल तरी टाका. पुण्या-मुंबईला कळणार कसं?"

फोन मी ठेवला. 'अप-डाऊन'चं शूटिंग पहिल्या सीनपासून पुन्हा सुरू केलंय. चॅनेल आमचं, फायली आमच्या हातात, आवाज ज्याचा त्याचा.

सबटायटल टाकणार नाही. तुमची भाषा आम्ही काही जन्मतः आणली नव्हती. छड्या खाऊन शिकलो. हसं करून घेऊन शिकलो. तिच्यात परीक्षा दिल्या, पास झालो. हे सगळं तुम्हाला सांगितलं तेही बरंचसं तिच्यातच.

आता तुम्ही शिका.