बसूची कोरडवाहू जमात

फोन महानंदाचा होता, बसूच्या बायकोचा. मी नांदेडला पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवते. तास संपवून स्टाफरूममध्ये जरा टेकले होते, तेवढ्यात लातूरहून तिचा आवाज आला, “अक्का, सुटले हे.” बसूचे शेवटचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना तिचा तो शब्द खटकणार नाही. मला तर आधी रडूही आलं नाही, हायसं वाटलं. लिहिताना संकोच होतो, पण खरं तेच आहे. आता महिना होऊन गेला, अधूनमधून रडू येतं, पण ते हायसं वाटणं काही गेलेलं नाही. कारण बसू नुसता दुखण्यातून सुटला नव्हता, मनाला लागलेलं एक काम पुरं करून तो गेला होता. सांत्वनाला आलेल्या बहुतेकांना ते काम काय, हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी बसवराज अप्पा म्हणजे पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान चालवणारा, मूळचा उदगीरचा, तोंडाचा गोड आणि उधारीला कडक माणूस.

दुकानाच्या माडीवर मात्र तो अवकाश चालवायचा. आमचा एक खेळ होता, इंटरनेटवर बऱ्याच जणांनी मिळून खेळायचा. प्रत्येकाला एक ग्रह, एक जमात, थोडी जहाजं. तिथून पसरत जायचं आणि दुसऱ्यांना रोखायचं. या खेळात जमाती आपापल्या बनवता येतात. कुणाची जहाजं वेगवान, कुणाची लोकसंख्या भराभर वाढणारी. नांदेडकडचे आम्ही काही जण आणि लातूरकडचे काही, असे आपापल्या घरून एकमेकांविरुद्ध खेळायचो आणि जमाती बनवण्याची, त्यांची ताकद तोलण्याची जबाबदारी बसूची. त्यानं नकाशाचा एक कोपरा तोडून त्याला ‘उदगीर जिल्हा’ नाव दिलं होतं. “सरकार देईना, म्हणून म्या दिला,” असं तो नव्या माणसाला गंभीर चेहऱ्यानं सांगायचा.

पहिल्यांदा त्यानं मला बोलावलं, तेव्हा मी साफ सांगितलं होतं, की कुठल्या घरात जन्मलात त्यावर हारजीत ठरणार असेल तर तो खेळ आमच्या आजोबांनी पुष्कळ खेळून झाला, मला हौस नाही. बसू लिंगायत, मी बौद्ध. माझं बोलणं त्याला कळायला वेळ लागला नाही. तो हसला नाही. म्हणाला, “समद्या जमाती बरोबरीच्या करायच्या, तेच तर जमू न्हाई ऱ्हायलं, अक्का. तुमचं गणित चांगलं हाय, तुमी या.” मग त्यानं आमच्यात एक रीत आणली. त्याच्या घरी भावाभावांत वाटणी झाली, तेव्हा हिस्से पाडणाऱ्या थोरल्यानं आपला हिस्सा सगळ्यांच्या मागून उचलला होता. तसंच इथं. जमाती बसू बनवणार, आधी बाकीचे निवडणार आणि उरेल ती जमात घेऊन बसू खेळणार. त्यामुळं त्याला लबाडी करायला वावच नव्हता, आणि तक्रार करायला आम्हाला.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात त्यानं कोरडवाहू जमात बनवली. हे लोक कुठल्याही रखरखीत ग्रहावर राहू शकत, पण पाणी लांबून आणून साठवावं लागे, आणि जहाज हलवायचं तर पाणी खर्चावं लागे. समोर बागायती जमात, पाणी दाराशी, पण कोरड्या ग्रहावर पाय ठेवायची सोय नाही. बागायती ही अर्धापूरच्या दत्ताची लाडकी. दत्ताची केळीची बाग, जीभ तिखट. खेळून बघायला लातूरची मंडळी बसली आणि कोरडवाहू घेऊन धडाधड हरली. बसूनं त्यांची जहाजं मजबूत केली, तरी हरली. अजून ताकद दिली, तेव्हा कुठं पारडं समान झालं.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला, आणि कोरडवाहूंनी सगळ्यांना लोळवलं. आकडा एकही बदललेला नव्हता. बसू चक्रावून गेला. एका सकाळी दारात पाइप लावून तो स्कूटर धूत होता, कितीतरी महिन्यांनी, आणि धुता धुता थांबला. मला लगेच फोन. “अक्का, चूक जमातीत नव्हती वो. आमच्यात व्हती.” दुष्काळात खेळणाऱ्या त्याच्या गड्यांनी खेळातलं पाणीसुद्धा खर्चलं नव्हतं. टाक्या भरायच्या आणि बघत बसायचं. शत्रू दारात आला तरी कुणाचा हात पाण्याला लागत नव्हता. त्या हात आखडलेल्या माणसांना बघून बसू ताकद वाढवत गेला, आणि पाऊस पडल्यावर तीच माणसं सढळ हातानं खेळू लागली. अशी चूक लातूरबाहेर कुणाकडून झाली नसती.

चूक कळली, उपाय मात्र सापडेना. ताकद काढली की हात आखडून खेळणाऱ्याकडं जमात मरायची, दिली की सढळ हाताच्याकडं माजायची. दत्ता दर डावानंतर म्हणायचा, “अप्पा, काढून टाका ना ती. कामून धरून बसलात?” अशी भांडणं होत वर्षं गेली. मग बसूच्या किडन्या बिघडल्या, डायलिसिस सुरू झालं, पाणी मोजून प्यायचं ठरलं. “दुष्काळ फिरून आला, अक्का. आता माझ्या एकट्यालाच,” म्हणाला. त्याच सुमारास दत्ता गप्प झाला. कोरडवाहूंकडून हरायचा आणि “बरं जमलं हो अप्पा” म्हणायचा. बसूला हे दुखण्यापेक्षा जास्त लागलं. “दत्त्या भांडत न्हाई आता, दया करून ऱ्हायलाय. म्या गेल्यावर बी तुमी तिला दयेनंच ठिवणार. तसं नगं. बरोबरीची असंल तर ठिवा, न्हाईतर काढा.”

उपाय डायलिसिसच्या खुर्चीतच सुचला. साठवलेलं पाणी उडून जायला हवं, तळ्यातलं उडतं तसं. टाकी भरून बसणाऱ्याचं पाणी आपोआप घटेल, म्हणजे तो हात आखडून बसणारच नाही, आणि मग आधी दयेपोटी दिलेली सगळी ताकद काढून घेता येईल. गणित मी तपासलं, पण सुचलं त्याचं त्याला. मग त्यानं दत्ताला अर्धापूरहून बोलावून घेतलं. खेळणारे दोघंच, समोरासमोर, मी नुसती बघायला. रीतीप्रमाणं दत्तानं आधी निवडलं, आणि कोरडवाहू घेतली. बसूच्या वाट्याला बागायती. डाव लांबला, रेटारेटी झाली, दत्ता जिंकला. मग जमाती बदलून खेळले. तरी दत्ताच जिंकला.

मी धास्तावून बसूकडं बघितलं. दोन्ही जमाती घेऊन हरला होता, आणि इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. “बघितलं न्हवं? दत्त्या जितला. जमात न्हाई जितली.” दत्ता पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “अप्पा, तुमाला जमाती करता येतात. खेळता न्हाई येत.” त्यावर दोघं मनसोक्त भांडले. महानंदा दारात उभी राहून ऐकत होती. त्यानंतर बसू फार दिवस नव्हता, पण तो निवांत होता.

परवा आम्ही त्याच्या माडीवर जमलो. मला भीती एकच, की आता सगळे मायेपोटी कोरडवाहूवर उड्या मारतील. तसं काहीच झालं नाही. दत्तानं आल्या आल्या बागायती उचलली, बाकीच्यांनी आपापल्या सोयीच्या घेतल्या आणि उरली ती कोरडवाहू माझ्याकडं आली. खेळताना माझा हात पाण्यावर जाईना. गोदाकाठची बाई मी, पण बसूची म्हणून ती टाकी रिकामी करवेना. बघता बघता पाणी उडून गेलं, जहाजं जागीच उभी राहिली, दत्ता आत शिरला. मी हरले, आणि जमातीला बोल लावायला जागाच नव्हती... केवढं बरं वाटलं.

महानंदा तांब्या-पेला घेऊन वर आली. दुष्काळापासून त्या घरात पाहुण्याला अर्धाच पेला पाणी देतात, लागलं तर पुन्हा. बसूनं पाऊस झाल्यावरही ती सवय मोडली नव्हती. तिनं अर्धा पेला माझ्यापुढं ठेवला. मी तो एका दमात संपवला आणि पुन्हा पुढं केला.