आबांचा उजवा हात आणि माझा भागाकार

माझ्या वडिलांना, आबांना, मेंदूचा झटका आला तेव्हा त्यांचा उजवा हात लुळा पडला, जीभ तेवढी वाचली. "उलटं झालं असतं तर घर जरा शांत झालं असतं," असं आई म्हणाली आणि आबाच सगळ्यांत मोठ्यानं हसले. आयुष्यभर मेंढरं राखलेला माणूस, सगळं काम उजव्या हातानं. तो हात पुन्हा चालणार का, एवढंच आम्हाला हवं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी रक्ताच्या रिपोर्टवर दोन आकड्यांखाली रेघ मारली. पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट. "पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. उत्तर लहान आलं तर सुधारणा चांगली होण्याची शक्यता जास्त. पण हा नुसता अंदाज असतो, मॅडम."

मी शाळेत गणित शिकवते. भागाकार म्हटल्यावर मला कुठं राहवतंय? दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट येताच त्याच्या पाकिटावर गणित मांडलं. उत्तर एकाच्याही खाली. धावत जाऊन पेढे आणले आणि शेजारच्या खाटांपर्यंत वाटले. डॉक्टरीणबाईंनी पेढा खाल्ला, पाकीट पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही उलटं भागलंय."

सरळ भागल्यावर उत्तर चांगलंच मोठं आलं. याच चुकीसाठी मी वर्गात पोरांना उभं करते. लाज वाटलीच, पण त्याहून जास्त भीती वाटली.

"आकड्यानं कुटं मेंढरू बरं हुतंय व्हय?" आबा म्हणाले. "पेढं मातुर लई चांगलं हुतं."

जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटवर त्यांचा व्यायाम सुरू झाला. दाबायला रबरी चेंडू दिला होता. महिना झाला तरी बोटं हलेनात, आबा चेंडूकडं रागानं बघत बसायचे. त्यांना करमत नाही म्हणून माझा भाऊ गावाहून टेम्पोत एक मेंढी घेऊन आला. आबांना चाकांच्या खुर्चीत बसवून खाली पार्किंगमध्ये नेलं. वॉचमन बघतच राहिला.

मेंढराची तब्येत आबा डोळ्यांनी बघत नाहीत, लोकरीत बोटं घालून पाठीचं हाड चाचपतात. डाव्या हातानं त्यांनी उजवा हात उचलला आणि मेंढीच्या पाठीवर ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग लोकरीत दोन बोटं हलली.

"वाळलीया," आबा भावाला म्हणाले. "काय घालतोस रं हिला खायाला?"

हात हलल्याचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी मात्र तिथंच, शेजाऱ्यांच्या स्कूटरला टेकून, मनसोक्त रडले.

पुढच्या तपासणीला नवा रिपोर्ट माझ्या पर्समध्येच राहिला. डॉक्टरीणबाईंनी स्वतःचं मनगट पुढं केलं. "धरा बरं, आजोबा."

आबांनी सावकाश बोटं मिटली, मनगटाचं हाड चाचपलं आणि काळजीनं त्यांच्याकडं बघितलं.

"जेवत जा की, पोरी."