मिरच्यांचा ठसका

उपकेंद्रात आम्ही सातआठ म्हाताऱ्या बीपी तपासायला बसलो होतो. नर्सबाईंनी विचारलं, "शिंकताना-खोकताना कुणाला लघवी सुटते का?"

"छे, न्हाय बा!" सगळ्या एका सुरात. सर्वांत मोठा आवाज माझा. तीस वर्षं शाळेत पोरांना दमात ठेवलेली बाई मी, असलं कबूल करणार? दोन वर्षं मी दिघीच्या फेरीबोटीत पाय ठेवला नव्हता. पलीकडे लेक राहते, पण मी खापर गुडघ्यांवर फोडलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या अंगणात कुणीतरी मसाल्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या. खिडकीतून ठसका आत आला, आणि पहिली शिंक यायच्या आधीच झाडून सगळ्यांनी पायावर पाय घट्ट आवळले.

नर्सबाई हसल्या नाहीत. दार लावून त्यांनी व्यायाम शिकवला. लघवी रोखतो तसं आवळायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं.

तीन महिन्यांनी मी फेरीबोटीत बसले. समोर त्या दिवशीचीच एक मैत्रीण खाडीकडे डोळे लावून गंभीर बसली होती.

"काय गो, कसला एवढा विचार?"

"गप बस," ती म्हणाली, "आकडा चुकतो."